साळूने पाहिलेली तिघांची वाट

मुलांनो, एका डोंगराच्या उतारावर एक साळू एकटीच राहत असे. अंगभर काटे असल्यामुळे तिच्याजवळ सहसा कुणी फिरकत नसे. पण एकदा पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, तेव्हा ससा, मुंगूस आणि होला पक्षी तिच्या उंचावरच्या बिळात आसऱ्याला आले. चौघांनी दाटीवाटीने, गप्पा मारत ते दिवस काढले. पूर ओसरला, पाहुणे आपापल्या वाटेने गेले, आणि साळूला आपले बीळ पहिल्यांदाच फार मोठे वाटू लागले.

पुढे उन्हाळ्यात डोंगरावरची सगळी डबकी आटली. पलीकडच्या नदीवर जायचे चौघांनी ठरवले. साळूला नदीची वाट ठाऊक नव्हती. बाकी तिघांपैकी प्रत्येकाला ती ठाऊक होती. जो येईल त्याने साळूला हाक मारून सोबत न्यायचे, असे बोलणे झाले. साळूने मात्र मनाशी ठरवले, की तिघेही आले तरच पाऊल उचलायचे. तिला पुन्हा सगळे एकत्र हवे होते.

आधी मुंगूस आले. साळूने त्याला थांबवून घेतले, बाकीचे दोघे येऊ देत म्हणाली. दिवसभर वाट पाहून त्याच्या घशाला कोरड पडली, तसे ते निघून गेले. मग ससा आला. तोही थांबून थांबून कंटाळला. जाताना वळून म्हणाला, "ताई, मी आलोय ना? मग चल की." पण साळू जागची हलली नाही. होला काही आला नाही. साळू बिळाच्या तोंडाशी बसून आभाळाकडे पाही. वाऱ्याने पाचोळा सळसळला तरी "आलास का?" म्हणून विचारी. बोलायला दुसरे कुणी नव्हते. पुढे पुढे तहानेने तिचा आवाजही फुटेना.

अशात एक म्हातारे कासव तिथून चालले होते. साळूने पुटपुटत त्याला सारी हकीकत सांगितली. कासव म्हणाले, "वाट दाखवायला एक जण पुरे होता, बाई. तुला तर दोनदा निघता आले असते." ते थांबले मात्र नाही. आपणही नदीवरच निघालो आहोत, एवढे त्याने चालता चालता सांगितले. साळूने एकदा आभाळाकडे पाहिले आणि धडपडत ती त्याच्या मागे निघाली.

नदीवर मुंगूस आणि ससा भेटले. साळू पोटभर पाणी प्याली आणि मग तिने होल्याची चौकशी केली. सशाने मान खाली घातली. "आपलं बोलणं झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला ससाण्याने नेलं, ताई. आम्हालाही इथे आल्यावर कळलं." काटे लागणार नाहीत इतक्या बेताने साळू त्या दोघांच्या जवळ सरकून बसली.

तात्पर्य : जिथे एकाची सोबत पुरते, तिथे सगळ्यांसाठी अडून बसू नये, न आलेल्याची वाट पाहताना आलेलाही निघून जातो.