सागवानी पेटी

गोदावरीकाठच्या एका गावात शांतवन नावाचा सुतार होता. ख्रिस्ती मंडळीत कुणी वारलं की शवपेटी तोच करायचा, आणि मजुरीला हात लावायचा नाही. बायको गेल्यावर त्याने घर पुतण्याला दिलं, शेत मंडळीला दिलं आणि स्वतः कामाच्या खोपटात राहू लागला. ठेवली एकच वस्तू: जुन्या सागवानाची, स्वतःच्या मापाची शवपेटी. रोज तिला तेलाचा हात द्यायचा. येईल त्याला दाखवून म्हणायचा, "संसारातून मन काढलं. प्रभूकडे जायची एवढी तयारी राहिली." लोक माना डोलवायचे. वैराग्याचीही माणसाला हौस असते.

त्या पावसाळ्यात तापाची साथ आली. आठवड्यात सहा माणसं गेली. फळ्या संपल्या, आणि नदी फुगल्याने वखारीची वाट बंद झाली. अशात मंडळीतली एस्तेरबाई त्याच्या दारात आली. तिची सहा वर्षांची मुलगी सुवार्ता पहाटे तापाने गेली होती.

"मिस्त्री, पोरीला पेटी पाहिजे."

"लाकूड नाही, बाई."

एस्तेरबाईने सागवानी पेटीकडे पाहिलं.

"ती माझ्या मापाची आहे," तो घाईने म्हणाला.

"कापून लहान करा ना."

शांतवन म्हणाला, "बाई, देह म्हणजे माती. चटईत गुंडाळलं तरी प्रभू जवळ घेतोच. विश्वास ठेवा."

ती माघारी गेली.

दुपारी पाळकांनी प्रार्थना केली आणि रिवाजाप्रमाणे एकेकाने कबरेत मूठभर माती टाकली. शांतवननेही टाकली. एरवी ती फळ्यांवर वाजायची. आज ओल्या चटईला चिकटली, आणि चटईतून पोरीचे गुडघे वर आलेले त्याला दिसले. तो धावत खोपटात गेला, पेटी कापली, ठोकली आणि खांद्यावर घेऊन परतला. तोवर कबर भरून झाली होती. एस्तेरबाई एकटीच बसली होती.

"बाई, आणली पेटी. मी माती काढतो. मला माफ करा."

"राहू द्या, मिस्त्री," ती म्हणाली. "तिचं तोंड मी एकदा झाकलं. आता उकरून पुन्हा नका दाखवू मला."

शांतवन पेटी घेऊन तसाच उभा राहिला. प्रार्थना करावी म्हणून त्याने डोळे मिटले, पण एक शब्द सुचला नाही.

तात्पर्य: घरदार सोडता येतं, आपण सारं सोडलं हा अभिमान मात्र मनाला घट्ट धरून बसतो. तो सुटल्याशिवाय प्रभूची सेवा खरी होत नाही, आणि उशिरा सुटला तर त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.