फितूर ठरलेला पहारेकरी

सागाच्या एका रानात सातभाई पक्ष्यांचा थवा राहत असे. नाव सातभाई असले तरी होते ते अकरा, आणि त्यांत बहिणीही होत्या. मातकट रंगाचे हे पक्षी दिवसभर पाचोळा उलटून किडे टिपत आणि सारखा कलकलाट करत. एक रीत मात्र ते काटेकोरपणे पाळत. दहाजण खाली चरत असताना एकाने उंच फांदीवर पहारा द्यायचा. तो ओरडला, की सगळ्यांनी करवंदीच्या जाळीत घुसायचे. पहारा संपेपर्यंत पहारेकऱ्याने मात्र एक किडाही तोंडात घालायचा नाही.

एके सकाळी एका तरुण सातभाईची पाळी होती. समोरच्या झाडावर एक पट्टेरी पक्षी येऊन बसला. 'हा तर पावशा!' असे वाटून पहारेकरी गप्प राहिला. मुलांनो, पावशाला भिण्याचे कारण नसते, पण तो दिसतो अगदी शिकारी शिक्र्यासारखा. भल्याभल्यांची फसगत होते. नेमका तो शिक्राच निघाला. त्याने खाली झेप घेतली आणि थव्यातल्या म्हाताऱ्या मावशीच्या शेपटीची सगळी पिसे उपटून नेली. मावशीचा जीव वाचला, एवढेच नशीब.

मावशी जाळीत थरथरत बसली आणि बाकीचे पहारेकऱ्यावर तुटून पडले.

"ओरडला का नाहीस रे?" थव्याचा म्होरक्या गरजला.

"काका, मला पावशा वाटला हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"पावशा वाटला म्हणे! दगा दिलास तू आम्हाला!"

"नुसता दगा? विश्वासघात म्हणा!" दुसरा म्हणाला.

"फितूर आहे हा! शिक्र्याला आतून मिळालाय!" तिसऱ्याने सांगून टाकले.

"गद्दार! गद्दार!" मग सगळेच ओरडू लागले. एकाने तर त्याला नमकहराम ठरवले. त्याने स्वतः जन्मात मीठ चाखले नव्हते, पण शब्द जोरकस वाटला. राग आला, की प्रत्येकाला आधीच्यापेक्षा मोठा शब्द हवा असतो. बिचारा तरुण सातभाई दूरच्या पळसावर जाऊन बसला. त्याच्या जातीचा पक्षी एकटा फार दिवस जगत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी त्याला कोणी थांबवले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

दुसऱ्या दिवसापासून पहाऱ्याला बसायला कोणी तयार होईना. आपली नजर चुकली तर आपणही गद्दार ठरू, ही धास्ती प्रत्येकाला होती. जो नाइलाजाने बसे, तो पान गळले तरी किंचाळे. थवा दिवसातून वीसदा जाळीत घुसे आणि तसाच उपाशी बसून राही. तीन दिवसांत सगळ्यांची पोटे खपाटीला गेली.

चौथ्या दिवशी मावशी जाळीतून बाहेर आली. "मला एक सांगा," ती म्हणाली, "फितूर होणारा काहीतरी मिळवण्यासाठी होतो. या पोराला शिक्र्याकडून काय मिळाले?"

मग तिने दूरच्या पळसाकडे चोच वळवली.

"तो वर उपाशी बसला होता, तुमच्यासाठी. पिसे माझी गेली, मलाही त्याचा राग आला. निष्काळजी म्हणा, नजरेचा कच्चा म्हणा, मी अडवणार नाही. पण जाणूनबुजून वैऱ्याला मिळताना त्याला कोणी पाहिले का? फितूर हा शब्द आज त्याच्यावर उधळलात, तर उद्या खरा फितूर आला म्हणजे त्याला काय म्हणाल?"

म्होरक्याची मान खाली गेली. मावशी उत्तरासाठी थांबली नाही. शेपटीवाचून तिला नीट उडता येत नव्हते. फांद्यांवर धडपडत ती कशीबशी पळसापर्यंत पोहोचली. तरुण सातभाई तिथे अंग चोरून बसला होता.

"चल बाळा, आज पहारा तुझा," ती म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. "मावशी, मी पुन्हा चुकलो तर?"

"तर चुकलास म्हणू," मावशी म्हणाली. "चल आता. मला भूक लागलीय, आणि तू वर असल्याशिवाय मी चरणार नाही."

तात्पर्य : दगा जाणूनबुजून दिला जातो, चूक नकळत होते. चुकणाऱ्याला रागाच्या भरात दगाबाज म्हणू नये. तसे केल्याने आपलाच एक सोबती तुटतो आणि उरलेल्यांचा एकमेकांवरचा विश्वासही जातो.