माडवळ्याची बिनभिंतीची खोप

माडवळ्याच्या देवराईत, झऱ्याच्या वरच्या अंगाला एक खोप आहे. चार खांब, वर गवताचं छप्पर, खाली सारवलेली जमीन. भिंत एकही नाही. आजारातून उठणारी माणसं इथे येऊन विसावतात आणि झाडांतला वारा त्यांच्यावरून आरपार जातो.

"भिंती पडल्या का हो?" पाहुणे विचारतात.

"पडल्या नाहीत. उतरवल्या," देवीचे पुजारी धाकू गुरव म्हणतात, आणि खांबाला पाठ टेकून सांगू लागतात.

फार पूर्वी गावात जानू मेस्त्री नावाचा सुतार होता म्हणे. भाताची कोठारं बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या कोठारात मुंगी शिरत नसे. त्याची बायको सगुणा दम्याने खंगत चालली. वैदू म्हणाला, हिला राईत ठेव, तिथली हवा लागू दे. जानूने तिच्यासाठी चांगल्यात चांगलं घर बांधायचं ठरवलं. आणि चांगलं म्हणजे घट्ट, एवढंच त्याला ठाऊक. फणसाच्या फळ्या त्याने अशा सांधल्या की उजेडाची रेघही आत येईना. मग देवीपुढे नारळ ठेवून तो बोलला, "ह्यां लाकूड तुजां. हिका तेवढी वाचव."

सगुणा आत राहायला गेली आणि तिचा श्वास आणखीच अडकू लागला. ओल शिरत असेल, असं जानूला वाटे. तो बाहेरून फट शोधी आणि सापडली की लाखेने बुजवी.

"तुमी माका भातासारख्या कोंडलात," एके दिवशी ती म्हणाली. "ती देवी बघा. तिका तरी भिंती आसत?"

देवी उघड्यावरच बसलेली. जानूने त्या दिवशी प्रथमच तिच्याकडे सुताराच्या नजरेने पाहिलं. पण लाकूड तर तिला वाहिलेलं. फळ्या काढू का, म्हणून तेव्हाच्या गुरवाने देवीला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. दिलेलं परत घेता येणार नव्हतं.

जानू खोपीपाशी येऊन बसला. आतून श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. बराच वेळ ऐकून तो उठला. "दोष लागायचो तो माज्या हाताक लागू दे," एवढंच म्हणाला आणि पहिली फळी ओढली. दिवस मावळेपर्यंत चार खांब आणि छप्पर उरलं. फळ्या त्याने देवीच्या पायाशी नेऊन रचल्या. त्या रात्री सगुणा कित्येक आठवड्यांनी पाठ टेकून झोपली.

सकाळी जानूने लाकूड तासायचा वाकस उचलायला हात घातला, तर उजव्या हाताची बोटं मिटेनात. असे सांगतात की ती पुन्हा कधीच मिटली नाहीत.

"आता माज्या हातान कोठार होवचा नाय," तो बायकोला म्हणाला.

"बरां झालां. मुंग्यांका तरी खावक मिळात," सगुणा म्हणाली. मग तिने भाताचा घास केला आणि त्याच्या तोंडापुढे धरला.

आजही दर वर्षी पावसाआधी खोप नव्याने शाकारतात, तेव्हा सगळा गाव येतो. गवत बांधताना उजवा हात पाठीमागे ठेवायचा, अशी रीत आहे. एकट्या डाव्या हाताने गाठ बसत नाही. दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. नवराबायको आले असतील, तर ते बायको धरते.