धुक्यातली वाट

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात कुंभाराची एक मुलगी राहायची. पंधराव्या वर्षातही ती फार भित्री होती. अनोळखी माणूस दारात आला की ती आईच्या मागं लपे. विहिरीत नुसतं वाकून बघायचं म्हटलं तरी ती मागं सरे.

गावच्या शाळेतले गुरुजी मोठ्या वर्गातल्या मुलांना अधूनमधून एखादं कधी न केलेलं काम करायला लावत. विहिरीच्या तळाशी असलेल्या पायरीपर्यंत उतरा, भर बाजारात उभं राहून मोठ्यानं कविता म्हणा, मारक्या बैलाला चारा घाला. कुंभाराच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येई, पण रडतरखडत का होईना, ती ते काम करी.

पाटलाचा मुलगा मात्र हसे. "असली कामं भित्र्यांना द्या, गुरुजी. मी कशालाच भीत नाही," असं म्हणून तो खुशाल झाडाखाली बसून राही.

एकदा गुरुजी या मुलांना डोंगरावरची गुहा दाखवायला घेऊन गेले. परतताना दुपारीच दाट धुकं उतरलं. शेजारचं माणूस दिसेना. तेवढ्यात शेवाळावरून गुरुजींचा पाय सटकला आणि ते खालच्या घळीत, ओढ्याकाठी कोसळले. मुलं धडपडत खाली उतरली. गुरुजींचा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि डोक्यातून रक्त वाहत होतं.

"गाव लांब आहे," गुरुजी कसेबसे म्हणाले. "या ओढ्याच्या कडेनं वर गेलं की गवळ्यांची वस्ती लागते. कुणीतरी जा. ओढा सोडू नका."

त्या रानात बिबळ्या आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मुलांनी पाटलाच्या मुलाकडं पाहिलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "थांबू या ना," तो पुटपुटला. "धुकं निवळलं की कुणीतरी येईलच."

गुरुजींचे डोळे मिटायला लागले होते. कुंभाराच्या मुलीनं आपली ओढणी त्यांच्या डोक्याला घट्ट बांधली. "मी जाते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की तो कुणाला नीट ऐकूही गेला नाही.

ओढ्याच्या कडेनं ती निघाली. पाच पावलांवर मुलं धुक्यात दिसेनाशी झाली. मागं कुठंतरी पाचोळा वाजला. ती थांबली, तसा तोही थांबला. ती चालू लागली, तसा पुन्हा वाजला. पळावंसं वाटलं, पण धुक्यात पुढची वाटच दिसत नव्हती.

मग करवंदीच्या जाळीतून खोल, घोगरी गुरगुर आली.

ती मटकन खालीच बसली. "आई गं," एवढंच तोंडातून निघालं. परत फिरावं का? पण मागं गुरुजी मदतीची वाट बघत होते. विहिरीत उतरताना ती खालचा काळोख बघत नसे, फक्त पुढची पायरी बघे. आताही तिनं पुढचा दगड पाहिला. उठली आणि त्यावर पाय ठेवला. मग त्याच्या पुढचा. मान वळवायची हिंमत तिला झाली नाही.

अखेर कुत्री भुंकत अंगावर आली. पाठोपाठ हातात कुऱ्हाड घेतलेला एक म्हातारा गवळी धुक्यातून पुढं आला. "कोण गं तू? एकटीच कशी आलीस इथं?"

तिनं डोळे मिटले, छातीत श्वास भरला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "आमचे गुरुजी पडलेत! माणसं द्या, लवकर द्या!"

गवळी काठ्या, घोंगड्या घेऊन तिच्याबरोबर धावत निघाले. वाटेत म्हातारा एका जागी थबकला. ओढ्याकाठच्या चिखलात तिच्या पावलांचे ठसे होते आणि त्यांच्यावर बिबळ्याची पावलं उमटली होती. म्हाताऱ्यानं तिचा हात आपल्या हातात धरला.

गुरुजी अजून शुद्धीवर होते. घोंगडीची डोली करून गवळ्यांनी त्यांना गावात आणलं. वैद्य म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर रक्त वाहूनच गुरुजी दगावले असते."

कुंभाराची मुलगी वैद्यांच्या ओट्यावर बसली होती. पाटलाचा मुलगा जवळ आला.

"आता तुझी भीती गेली असेल ना?"

"नाही रे. डोळे मिटले की अजून ती गुरगुर ऐकू येते."

"मग पुन्हा जायची वेळ आली तर?"

"जाईन," ती म्हणाली. "रडत जाईन, पण जाईन."

पाटलाच्या मुलानं मान खाली घातली. "मलाही फार भीती वाटते गं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं हे कुणाला सांगितलं होतं.

तात्पर्य: भीती सगळ्यांनाच वाटते, पण लहानसहान नव्या अनुभवांत जो तिला बरोबर घेऊन चालायला शिकतो, त्याची पावलं मोठ्या संकटातही अडत नाहीत.