काशकेतूचे उंच कुरण आणि पाटलेचे दात

कृतयुगाच्या उत्तरार्धात, जेव्हा तपस्वी अरण्यातील वृक्षांइतके झाले होते आणि ब्रह्मदेवाला कुणाला नाही म्हणण्याची सवय अद्याप लागली नव्हती, तेव्हा वेत्रवतीच्या तीरावर काशकेतू नावाचे महर्षी राहत असत. मोरांच्या केकांनी निनादणारा, होमधुराने सुगंधित असा त्यांचा आश्रम होता. परंतु महर्षींना अभिमान होता तो जटांचा. जे लांब ते श्रेष्ठ, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून घोर तपाने ब्रह्मदेव प्रसन्न होताच त्यांनी मागितले, "माझ्या कुरणातील गवत त्रैलोक्यात सर्वांत उंच होवो!"

"तथास्तु," म्हणून ब्रह्मदेव लगबगीने गेले; बाहेर आणखी तपस्वी खोळंबले होते.

गवत हत्तीच्या मस्तकापर्यंत वाढले. दूरदूरचे ऋषी ते पाहून धन्य झाले. धन्य झाली नाही ती फक्त पाटला, आश्रमाची तांबूस गाय. गवत वाढले तशी पाने विरळ झाली आणि काड्या वेळूसारख्या ताठ झाल्या. दिवसभर तोंड चालवूनही पोट भरेना, दूध आटले, आणि तिचे वासरू उभे राहताना थरथरू लागले.

शेवटी पाटला नदीकाठी गेली. तेथे गाळावर वीतभर उंचीचे, दाट, नुसत्या पानांचे गवत होते. ती अधाशासारखी चरू लागली, तोच महर्षी अवतरले.

"कृतघ्ने! माझ्या तपाचे फळ सोडून हे क्षुद्र तृण? ज्या दातांनी माझा अवमान केलास, ते तुझे वरचे पुढचे दात गळून पडोत!"

दात गळाले. तेवढ्यात ऋषिपत्नी रोचना वासराला कवेत घेऊन धावत आली.

"आर्यपुत्र, शाप फार सुंदर झाला. आता आपल्या कुरणातला एक घास आपणच घ्यावा."

"मी? मी गुरू आहे की ढोर?"

"ते घास चावल्यावर ठरवू."

महर्षींनी बाणेदारपणे एक काडी तोडली. बराच वेळ चावली. डोळ्यांत पाणी आले, काडी तशीच राहिली.

"देवी," ते खालच्या स्वरात म्हणाले, "ही छपराला चांगली."

"आणि या पोराने काय प्यावे? छप्पर?"

महर्षींनी तेथेच बसून ब्रह्मदेवाचा धावा केला. ब्रह्मदेव प्रकटले व म्हणाले, "दिलेला वर आणि उच्चारलेला शाप मलाही परत घेता येत नाही."

"परत घेऊ नका, प्रभो," रोचना म्हणाली, "पुरवणी द्या. गाईला दातांविना चरता येऊ दे. आणि हे कोवळे गवत तिने खाल्ले की संपणार. खुडलेले गवत पुन्हा कुठे वाढते?"

ब्रह्मदेव प्रथमच मनापासून हसले. "पाटले, तुझी जीभच तुझा विळा होवो! दाट पानांचा झुबका तिने वेढून ओढ. आणि हे तृणा, तुझी वाढ शेंड्यात नव्हे, बुडाशी राहो. गाईने जितके खुडावे तितके तू कोवळे फुटावेस!"

पाटलेने जीभ लांबवली, झुबका वेढला आणि मानेला हिसका दिला. करकर आवाज झाला. सायंकाळी वासराच्या तोंडाला दुधाचा फेस होता, आणि महर्षी आपल्या जटा विसरून त्याच्यामागे धावत होते.

तेव्हापासून गाय काड्या टाळून पानांकडे वळते. ज्याला या कथेची शंका असेल त्याने गाईच्या वरच्या हिरडीवर पुढे बोट फिरवावे. दात सापडणार नाही. मात्र बोट फार आत नेऊ नये. शाप पुढच्या दातांपुरता होता. दाढा शाबूत आहेत.