गिळायची सुट्टी

आमच्या गावच्या शाळेत एकदा ढमाले साहेब तपासणीला आले, आणि आल्या आल्या त्यांनी मधली सुट्टीच बंद केली. "फुकट वेळ जातो. धड्यावर धडा घ्या!" पोरांची तोंडं एवढीशी झाली.

बळवंत मास्तर म्हणाले, "बरं साहेब. आधी घरचे लाडू तर खा."

मग काय, मास्तर आग्रह करकरून लाडू साहेबांच्या तोंडातच भरवायला लागले. एक गिळतायत तोवर दुसरा, लगेच तिसरा! साहेबांचे गाल टम्म फुगले.

"अहो मास्तर, गिळू तर द्या!"

मास्तरांनी हात जोडले. "गिळायची सुट्टी तर तुम्हीच बंद केलीत, साहेब."

साहेबांनी तोंडातला लाडू कसाबसा गिळला. मग पाणी प्याले आणि हसतच सुटले. "वाजवा बाबा ती घंटा!"

पोरं ओरडत पटांगणात पळाली, आणि मास्तरांनीही हुश्श करून फडक्यातली भाकरी काढली.