ओळीतली मोकळी जागा

त्या राज्यात तळं एकच होतं आणि त्याच्या काठावर बगळ्यांची वस्ती होती. प्रत्येकाचा काठ ठरलेला होता. एकाची सावली दुसऱ्याच्या पाण्यात पडता कामा नये, हा तिथला सगळ्यात जुना कायदा, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. बोलायचंच झालं तर बगळे मान न वळवता, समोरच्या पाण्याकडे बघत बोलत. अशाने भांडणं होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. भांडणं होत नसत हे खरंच. पण दुसरंही काही होत नसे.

राखुंडी नावाची एक बगळी त्या वस्तीत उशिरा जन्मली. तोवर काठ वाटून संपले होते. तिच्या वाट्याला आली सांडव्याखालची चिखलाची पट्टी. तिथे मासा चुकूनमाकूनच फिरके. माशांचं एक वेळ चाललं असतं. ती अर्धपोटी राहायला शिकली होती. तिला खात होतं ते वेगळंच. सकाळी ती वरच्या काठाकडे बघून म्हणे, "आज वारा आहे, नाही?" आणि वरून "हं" यायला दुपार उजाडे. एकटं वाटतं, असं त्या तळ्यावर कुणी म्हणत नसे. राखुंडीलाही ते म्हणायची चोरी होती. एकदा नीटसा काठ मिळाला की हे आतलं पोखरणं थांबेल, असं तिने स्वतःला पटवून ठेवलं होतं.

मग तळं आटू लागलं. काठ आत सरकले, सावल्या जवळ आल्या आणि जन्मात न भांडलेले बगळे एकमेकांवर चोची उगारू लागले. सभा भरली. थोरले बगळे म्हणाले, "पलीकडे करंजाच्या झाडावर सातभाई पाखरं राहतात. एकाच फांदीवर, अंगाला अंग लावून. तरी कुणी कुणाचे डोळे फोडत नाही. हे त्यांना जमतं कसं, याचा छडा लावला पाहिजे. जो लावील त्याला शेवाळकाठ."

शेवाळकाठ म्हणजे तळ्यातला सगळ्यात खोल, गार आणि मासळीने भरलेला कोपरा. नाव ऐकूनच कित्येकांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण करंजापर्यंत जायचं म्हणजे आपला काठ सोडायचा, आणि आपण वळलो की शेजारी पाय पसरणार, याची प्रत्येकाला खात्री. राखुंडीकडे सोडण्यासारखं काही नव्हतं. तिने मान वर केली.

निघताना थोरल्यांनी तिला बघण्याची रीत सांगितली. ती मासेमारीचीच रीत होती, बगळ्यांना दुसरी ठाऊक नव्हती. हलायचं नाही. जे चाललंय त्यात चोच घालायची नाही. आणि मुख्य म्हणजे बघणाऱ्याने स्वतःला हिशेबात धरायचं नाही. "बघणारा तिथे नसतो," थोरले म्हणाले. "मासा आपल्याला बघत नाही, म्हणून तर आपल्याला मासा दिसतो."

करंजावर पोचल्यावर राखुंडीच्या कानठळ्या बसल्या. सातभाई हे नावाला सात. मोजायला जावं तर कधी नऊ, कधी अकरा. सगळे एकाच वेळी बोलत आणि ऐकतही एकाच वेळी. किडा सापडला की कलकलाट, नाही सापडला की दुप्पट कलकलाट. कुणी कुणाच्या मानेतली पिसवी काढतोय, कुणी दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतोय आणि पळवलेला तिसऱ्याला भरवतोय. झाडासमोर शिंदीचं एक वठलेलं खोड होतं. त्यावर एका पायावर उभी राहून राखुंडीने डोळे रोखले.

"अगं बाई, हे काय उगवलं इथं?" भुरीआत्या म्हणाली. ही त्यांच्यातली सगळ्यात वयस्क. एक पंख अधू, पण जीभ धडधाकट. "पावसाळ्यात वाहून आलेलं लाकूड म्हणावं तर डोळे मिचकावतंय!"

सगळे खो खो हसले. राखुंडी हलली नाही.

दिवसचे दिवस ती बघत राहिली. सातभाईंनी आधी तिची टर उडवली, मग तिच्यासमोर किडे आणून टाकले, मग तिच्या देखत आपली घरगुती भांडणं उकरून काढली आणि तिचं मत विचारलं. राखुंडीने किड्यांना चोच लावली नाही. मतही दिलं नाही. तिला भूक नव्हती असं नाही, आणि मत तर फारच होतं. पण रीत म्हणजे रीत. रात्री शेजारच्या ओढ्यात मिळेल ते खाऊन, अर्ध्या पोटी ती दिवसभरचं सारं मनात घोकत बसे.

मग थंडी पडली आणि तिला ती गोष्ट दिसली.

तिन्हीसांजा झाल्या की सातभाई फांदीवर ओळीने बसत आणि पिसं फुलवून एकमेकांना चिकटत. इतके की कुणाचा पंख कुठला ते कळू नये. पण थंडी सुरू झाली तेव्हापासून ओळ सलग राहीना. ऐन मधोमध ते थोडी जागा मोकळी सोडत. वारा तिथून सरळ आत शिरे. जागेच्या दोन्ही बाजूंना बसणारे कुडकुडत, आणि ते गारठले की आतले दोघे न सांगता त्यांच्याशी जागा बदलत. जागा मात्र तशीच राही. राखुंडीने आणखीही एक टिपलं. एका सातभाईसाठी ती जागा फारच मोठी होती. तिघे सहज मावले असते. त्यांचे पूर्वज थोराड अंगाचे असावेत आणि त्यांच्या आठवणीला ही जागा राखलेली असावी, असं तिने अनुमान काढलं.

खात्री करून घ्यावी म्हणून तिने एकदाच तोंड उघडलं. "ही मधली जागा कुणाची?"

सातभाईंनी माना वळवल्या. एकाने दुसऱ्याकडे बघितलं. एकीला हसू आवरेना, तिने पंखात तोंड खुपसलं.

"ज्याला हवी त्याची," भुरीआत्या म्हणाली, आणि राखुंडीकडे बघत राहिली.

केवढं गहन उत्तर! राखुंडीने ते मनात जपून ठेवलं आणि पुन्हा निश्चल झाली. थोड्या वेळाने भुरीआत्येने सुस्कारा सोडला आणि अंग चोरून बसली. त्या संध्याकाळी वारा फार बोचरा होता. खोडावर उभ्या राखुंडीचे पाय बधिर झाले होते, आणि समोरची ती ओळ बघताना तिचं अंग आपोआप पुढे झुकत होतं. ते काही तिने मनात टिपलं नाही, कारण बघणारा तिथे नसतो.

तळ्यावर परतून तिने सभेत सगळं सांगितलं, आणि मोकळ्या जागेपाशी आली तेव्हा सभा थरारली. खोल पाण्यातले थोरले म्हणाले, "उघड आहे. वाऱ्याला वाट दिली म्हणून फांदी मोडत नाही. जी गोष्ट टिकते ती उपयोगाची असते, म्हणूनच टिकते." चिखलातून ओरडा झाला, "उपयोग कसला डोंबलाचा! दांडग्यांनी अडवलेली जागा आहे ती! जागा म्हटली की कुणीतरी अडवलेलीच असते!" एका डोळ्याने अधू असलेला एक बगळा हळूच म्हणाला, "सगळ्यांनी मिळून तिला जागा मानलं म्हणून ती जागा. नाहीतर नुसती फांदीच की." तिन्ही पक्षांचं इतकं पेटलं की तळं आटतंय हे सगळे विसरले. राखुंडीला शेवाळकाठ मिळाला. करंजापाशी थंडीत तू राहिलीस कशी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

शेवाळकाठावर पाणी खोल होतं आणि मासे भरपूर होते. राखुंडी पोटभर जेवली. "आज वारा आहे, नाही?" असं तिने शेजारच्या काठाला विचारलं. उत्तर आलं नाही. आता ती मोठी झाली होती, आणि मोठ्यांना इथे कुणी आपणहून उत्तर देत नसे. पोखरणं थांबलं नव्हतंच, उलट भरल्या पोटी ते जास्त जाणवत होतं.

तळ्याचा एक नियम होता: एकाने बघितलेलं खरं नव्हे, दुसऱ्यालाही दिसलं पाहिजे. म्हणून उंचमान नावाच्या बगळ्याला पडताळ्यासाठी धाडलं. तो कडक शिस्तीचा. सातभाईंना आपण दिसलो तर ते नेहमीसारखे वागणार नाहीत म्हणून तो झाडाशेजारच्या ओढ्यात, लव्हाळ्यात दडून राहिला. परत येऊन त्याने सांगितलं, "ओळ सलग आहे. जागा वगैरे काही नाही."

झालं! एका दिवसात राखुंडी खोटारडी ठरली. काल मान लववणारे आज तिच्या पाण्यात सावल्या टाकू लागले. ती जीव तोडून सांगत होती, कुणी ऐकेना. शेवटी उंचमानच म्हणाला, "आणखी एकदा बघू. ही बरोबर येऊ दे. जागा दिसली तर काठ तिचा. नाही दिसली तर तळं सोडायचं."

तिन्हीसांजेला दोघं लव्हाळ्यात दबा धरून उभी राहिली. सातभाई आले, भांडले, ओळीने बसले. राखुंडी श्वास रोखून बघत होती. ओळ सलग होती. कुठे नखाएवढीसुद्धा फट नव्हती.

"बघितलंस?" उंचमान पुटपुटला.

"असं कसं होईल?" म्हणत राखुंडी लव्हाळ्यातून बाहेर पडली आणि जवळून बघावं म्हणून जुन्या खोडावर जाऊन उभी राहिली.

फांदीवर खळबळ उडाली. "आली, आली! लाकूड आलं!" मग ढकलाढकली, कुरकुर, "सरक की जरा", आणि ऐन मधोमध जागा मोकळी झाली.

 राखुंडी मागे लव्हाळ्यात गेली. ओळ बंद झाली. पुन्हा खोडावर आली. ओळ उघडली.

"अगं, काय ये-जा चालवलीयस!" भुरीआत्या कावली. "वारा लागतोय इथं आम्हाला! एकदा काय ते ठरव!"

"ही जागा…" राखुंडीने मान तिच्याकडे वळवली. "आत्या, ही जागा माझी होती?"

"मग काय माझ्या सासऱ्याची? इतक्या रात्री आम्ही गारठून काढल्या, आणि तू आपली उभी खांबासारखी."

"एका शब्दाने सांगायचं तरी!"

"आमच्यात 'ये' असं कुणी म्हणत नाही, बाई. 'ये' म्हटलं की समोरच्याला 'नको' म्हणावं लागतं, मग त्याला वाईट, आपल्याला वाईट. आम्ही नुसते सरकतो. ज्याला बसायचं तो बसतो." भुरीआत्येचा सूर उतरला. "तू बसली नाहीस. आम्हाला वाटलं, आमचा वास येत असेल तुला."

राखुंडीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवाळकाठासाठी तिने जन्माचा आटापिटा केला होता, आणि एवढे दिवस तिच्या चोचीसमोर, वाऱ्यात, एक जागा तिची वाट बघत होती.

मागून लव्हाळ्यातून उंचमानची दबकी हाक आली. "दिसली! राखुंडे, जागा दिसली मला! आता हलू नकोस. मला नीट बघू दे. तू तिथेच राहिलीस तर काठ तुझा. हललीस तर सगळं बिघडेल, मग मी काही सांगू शकणार नाही."

राखुंडी क्षणभर थांबली. थांबायची सवय तिच्या हाडांत मुरलेली होती. मग तिने दुसरा पाय खाली टेकला, पंख उघडले आणि फांदीवर गेली.

तिच्या वजनाने फांदी खाली वाकली. एकच गिल्ला झाला. "अगं पाय आवर! केवढे लांब ते पाय!" "माझ्या डोक्यावरची चोच काढ आधी!" मग दोन्ही बाजूंनी पिसं येऊन तिला भिडली. ती ऊब इतकी अनोळखी होती की राखुंडी आधी दचकली. मग तिची मान आपोआप खाली आली आणि भुरीआत्येच्या अधू पंखावर टेकली. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळे आपलं नेहमीचं बोलत राहिले.

अंधारून आलं. वारा वाढला. राखुंडीने डोळे किलकिले करून ओढ्याकडे पाहिलं. लव्हाळ्यात एक उंच मान ताठ उभी होती, आणि गारठ्याने तिला मधूनच कंप सुटत होता.

राखुंडी जराशी सरकली. तिच्यापलीकडचे सातभाई कुरकुरत सरकले. तिच्या उजव्या अंगाला, थेट ओढ्याच्या दिशेने, एका बगळ्याच्या मापाची जागा उघडली, आणि वारा तिथून आत आला.

लव्हाळ्यात उंचमानने श्वास रोखला, नजर त्या जागेवर खिळवली, आणि तो मुळीच हलला नाही.